फितीवरचं इंग्रजी, कागदावरचं इंग्रजी: २१ मार्च १९७३

२१ मार्च १९७३, बुधवारची सकाळ. व्हाइट हाउसच्या ओव्हल ऑफिसात राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन, त्यांचे कायदेविषयक सल्लागार जॉन डीन आणि मागाहून येऊन बसलेले चीफ ऑफ स्टाफ एच. आर. हाल्डेमन बोलत आहेत. वॉटरगेटच्या घरफोडीत दोषी ठरलेल्या हॉवर्ड हंट या माजी सीआयए अधिकाऱ्याने पैसे मागितले आहेत, नाहीतर तो तोंड उघडेल. द्यायचे का? पावणेदोन तासांच्या त्या बैठकीत निक्सन एक वाक्य बोलले आणि ते पुढे दोन सरकारी कागदांवर दोन तऱ्हांनी उतरलं.

व्हाइट हाउसने छापलेल्या कागदावर आहे: 'वुड यू अग्री दॅट दॅट्स द प्राइम थिंग, दॅट यू डॅम वेल बेटर गेट दॅट डन?' म्हणजे, मुख्य गोष्ट हीच, ती उरकायलाच हवी, पटतंय ना?

प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीच्या कागदावर आहे: 'वुड यू अग्री दॅट दॅट्स अ बाय टाइम थिंग, यू बेटर डॅम वेल गेट दॅट डन, बट फास्ट?' म्हणजे, हे नुसतं वेळ काढण्यापुरतं आहे, पण ते उरकून टाका, आणि तेही झटपट, पटतंय ना?

फीत एकच आणि आवाजही एकच. तरी 'प्राइम'चं 'बाय टाइम' झालं आणि शेवटचा 'बट फास्ट' एका कागदावर आला, दुसऱ्यावरून गायब झाला. वॉटरगेटचा राजकीय इतिहास मराठीत पुष्कळ वेळा सांगून झाला आहे. इथे त्याकडे भाषेचं प्रकरण म्हणून पाहायचं आहे: खासगीत बोललं जाणारं इंग्रजी कागदावर उतरवलं की त्याचं काय होतं आणि उतरवणारा नकळत न्यायाधीश कसा होऊन बसतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. १७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत शिरलेले पाच जण पकडले गेले. त्यांचे धागे निक्सन यांच्या निवडणूक समितीपर्यंत पोचत होते. हे दडपण्याची खटपट व्हाइट हाउसमधूनच झाली का, हा पुढच्या दोन वर्षांचा प्रश्न. १६ जुलै १९७३ रोजी अलेक्झांडर बटरफील्ड या माजी अधिकाऱ्याने सिनेटच्या समितीपुढे सांगून टाकलं की राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत ध्वनिमुद्रण चालतं. आणि तिथून सगळं भांडण फितींभोवती फिरू लागलं.

यंत्रणा फेब्रुवारी १९७१ मध्ये बसवली होती. ओव्हल ऑफिसात सात मायक्रोफोन होते, पाच टेबलात आणि दोन शेकोटीवरच्या दिव्यांत. कोणी बोलू लागलं की यंत्र आपोआप सुरू व्हायचं. टेपरेकॉर्डर सोनी कंपनीचा, फीत पातळ आणि गती अगदी मंद, म्हणजे एका फितीवर तासन्‌तास मावावेत. ही काटकसर भाषेच्या अभ्यासकाला फार महागात पडते. मंद गतीच्या फितीवर उच्च कंप्रतेचा आवाज नीट उतरत नाही आणि 'स', 'ट', 'फ' अशा व्यंजनांची ओळख बरीचशी त्या वरच्या पट्ट्यातच असते. स्वर टिकतात, व्यंजनं पुसट होतात. 'प्राइम' आणि 'बाय टाइम' या दोहोंतून पुसट होणारी व्यंजनं काढून टाका, उरतं काय? 'आय' आणि 'म'. त्यात टेबलावर ठेवलेल्या कपबशीचा खणखणाट आणि एकाच वेळी बोलणारे दोघं-तिघं.

म्हणून 'प्राइम' लिहिणाऱ्याने लबाडीच केली असं मी म्हणणार नाही. आपल्याला जे ऐकायची अपेक्षा असते ते कान ऐकतो, हे खरं. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतल्या माणसांना 'मुख्य गोष्ट' असा सभ्य, बैठकीला शोभणारा शब्द ऐकू आला. चौकशी समितीच्या माणसांना, ज्यांच्याकडे उपकरणंही बरी होती, 'वेळकाढू गोष्ट' ऐकू आली. 'बाय टाइम थिंग' ही रचना बोलण्यातल्या इंग्रजीत अगदी सहज होते: एक आख्खा वाक्प्रचार उचलायचा, 'थिंग'च्या आधी विशेषणासारखा ठोकायचा आणि पुढे जायचं. लिहिताना असं कोणी करत नाही. बोलताना सगळे करतात. माझा कौल समितीच्या बाजूने, कारण पुढे लगेच घाईचा 'बट फास्ट' आहे आणि घाई वेळकाढूपणाशी जुळते.

आता त्याच वाक्याची ठेवण पाहा. ते प्रश्नार्थक आहे. 'वुड यू अग्री' म्हणजे 'तुम्हाला पटेल का'. निक्सन यांची पद्धत अशीच होती. त्याच बैठकीत आधी ते डीनना विचारतात, 'डोन्ट यू थिंक यू हॅव टू हँडल हंट्स फायनान्शियल सिच्युएशन डॅम सून?' हंटचा पैशाचा प्रश्न लवकर मिटवायला हवा असं नाही वाटत तुला? व्याकरणाच्या पुस्तकात हा नकारार्थी प्रश्न आहे. बोलण्यात तो प्रश्न नाहीच. असा 'डोन्ट यू थिंक' जेव्हा वरिष्ठ हाताखालच्या माणसाला उद्देशून बोलतो तेव्हा उत्तराची जागा आधीच भरलेली असते. आपल्याकडे साहेब 'ती फाइल आजच गेलेली बरी, नाही का?' म्हणतात तेव्हा कारकून मत द्यायला बसत नाही, फाइल पाठवतो.

पण कागदावर प्रश्नचिन्ह दिसतं. निक्सन यांच्या बाजूने हाच मुद्दा मांडला गेला: राष्ट्राध्यक्ष आज्ञा देत नव्हते, पर्याय चाचपून पाहत होते, सल्लागारांना बोलतं करत होते. या युक्तिवादात तथ्य अजिबात नाही असं नाही. बोलणारा माणूस बोलता बोलताच विचार करतो, एखादी कल्पना हवेत सोडतो आणि पुढच्या वाक्यात मागे घेतो. लिहिणाऱ्याला खोडायची सोय असते. बोलणाऱ्याला फक्त पुढे आणखी बोलता येतं. म्हणून त्या एका बैठकीत निक्सन यांच्या तोंडी पैसे देण्याच्या बाजूचीही वाक्यं सापडतात आणि दुसऱ्या वाटांचीही. कोणतं धरायचं?

पुढची ओळ अधिक बोलकी आहे. डीन म्हणतात की हंटला काहीतरी इशारा तरी द्यायला हवा. त्यावर निक्सन. व्हाइट हाउसच्या कागदावर: एक शिवी वगळलेली, मग 'गेट इट', आणि पूर्णविराम. त्यानंतर नवं वाक्य, 'इन अ वे दॅट', ते तुटतं आणि 'त्याच्याशी बोलणार कोण? कोल्सन?' असा प्रश्न येतो (कोल्सन म्हणजे हंटला ओळखणारे, निक्सन यांचे एक सहायक). समितीच्या कागदावर: 'वेल फॉर क्राइस्ट्स सेक गेट इट इन अ, इन अ वे दॅट, अ...' आणि मग कोल्सनचा प्रश्न.

पूर्णविराम हा आवाज नाही, तो फितीवर नसतो. व्हाइट हाउसच्या टंकलेखकाने 'गेट इट'नंतर तो ठेवला आणि त्यातून खणखणीत हुकूम तयार झाला: मिळवा ते! समितीच्या नोंदीत तीच अक्षरं एका अडखळत चाललेल्या वाक्याचा भाग आहेत: ते अशा, अशा तऱ्हेने करा की... की काय, ते सुचलं नाही, म्हणून वाक्य सोडून दिलं. पैसे पोचवायचे हे दोन्हीत गृहीतच आहे, पण पहिल्यात जोर हुकमावर आहे आणि दुसऱ्यात रीत कोणती यावर. गंमत अशी की आपल्या धन्याला वाचवायला निघालेल्यांचाच कागद जास्त घातक ठरला. वगळलेल्या शिवीमुळे तिथे एक धमाका झाल्यासारखा भास होतो आणि पाठोपाठ दोन शब्दांचं वाक्य येऊन आदळतं. त्याच रात्री हंटच्या वकिलाकडे सुमारे ७५ हजार डॉलर पोचले, त्यामुळे त्या दोन शब्दांकडे सगळ्यांचंच लक्ष गेलं.

असं अर्धवट वाक्य टाकून नवं सुरू करणं याला भाषाभ्यासक चुकीची सुरुवात म्हणतात. 'चुकीची' हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. समोरच्याला ते चुकीचं वाटतच नाही, तो ऐकून सोडून देतो. तेच 'इन अ, इन अ' या पुनरावृत्तीचं. आणि 'अ', 'अम' या हुंकारांचं. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये असं मांडलं की हे आवाज निरर्थक नाहीत: 'अ' म्हणजे थोडं थांबणार आहे, 'अम' म्हणजे जरा जास्त थांबणार आहे, अशी बोलणारा आगाऊ सूचना देत असतो. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण बोलण्याची आपली पाळी सुटू नये म्हणून माणूस तोंडातून काहीतरी आवाज चालू ठेवतो, हे कुणीही घरच्या जेवणाच्या टेबलावर ऐकू शकतो.

३० एप्रिल १९७४ रोजी व्हाइट हाउसचे हे कागद जाहीर झाले. आदल्या रात्री निक्सन दूरचित्रवाणीवर आले होते, बाजूला बांधीव खंडांची चळत. बाराशेहून अधिक पानं होती. काही दिवसांत त्यांच्या स्वस्त पेपरबॅक आवृत्त्या निघाल्या आणि लोकांनी त्या रांगा लावून घेतल्या. 'शिकागो ट्रिब्यून' हे निक्सन यांच्या पक्षाकडे झुकणारं वर्तमानपत्र. त्याने सगळा मजकूर छापला आणि ९ मे रोजी अग्रलेखात राजीनामा मागितला. सिनेटमधले निक्सन यांच्याच पक्षाचे नेते ह्यू स्कॉट यांनीही या वागण्याला किळसवाणं म्हटलं.

लोकांना धक्का कशाचा बसला? कटाचा, हे तर आहेच. पण आणखीही एक गोष्ट होती. देशाचा सर्वोच्च माणूस असा बोलतो? वाक्याला शेंडा नाही, बुडखा नाही. 'थिंग', 'स्टफ', 'यू नो', 'आय मीन'. आपण मराठी माणसं इंग्रजी शिकतो ते पुस्तकातून, कर्ता-कर्म-क्रियापद नीट लावलेलं, त्यामुळे हे कागद पहिल्यांदा वाचणाऱ्या आपल्यातल्या कुणालाही वाटेल की याच्यापेक्षा आमचे मास्तर बरं इंग्रजी बोलायचे. पण इंग्रजी ज्यांची जन्मभाषा आहे त्यांचीही तीच गत झाली, कारण त्यांनीही आपलं स्वतःचं बोलणं कधी अक्षरशः लिहिलेलं पाहिलेलं नव्हतं. भाषणं पाहिली होती, मुलाखती पाहिल्या होत्या. त्या सगळ्या कुणीतरी साफ करून दिलेल्या. निक्सन येल विद्यापीठातल्या वादविवादपटूंइतकेच नेटके बोलू शकत आणि जाहीर भाषणात तसे ते बोलतही. ओव्हल ऑफिसात त्यांना श्रोते दोनच होते आणि दोघांना सगळा संदर्भ माहीत होता.

इथे एक न्यायाची गोष्ट सांगायला हवी. भाषेच्या मोडतोडीवरून माणसाच्या बुद्धीची किंवा नीतीची परीक्षा करणं चूक आहे. कोणत्याही सभ्य संस्थेतल्या बंद दाराआडच्या बैठकीची अक्षरशः नोंद केली तर ती अशीच दिसेल. निक्सन यांच्यावरचा आरोप अर्धवट वाक्यांचा नव्हता, त्या वाक्यांनी काय करवून घेतलं याचा होता. १९७४ च्या उन्हाळ्यात या दोन गोष्टींची पुष्कळांकडून सरमिसळ झाली.

शिव्यांनी त्यात भर घातली. व्हाइट हाउसच्या कागदावर ठिकठिकाणी 'एक्स्प्लेटिव्ह डिलीटेड' असं छापलं होतं, म्हणजे शिवी वगळली. ही दोन शब्दांची पाटी इतकी गाजली की निदर्शकांनी फलकांवर 'इम्पीच द एक्स्प्लेटिव्ह डिलीटेड', म्हणजे त्या 'शिवी वगळली'वर महाभियोग चालवा, असं लिहिलं. पुढे फिती ऐकल्यावर दिसलं की वगळलेल्यांतल्या कित्येक शिव्या म्हणजे 'गॉडडॅम', 'क्राइस्ट' अशा, अमेरिकन पुरुष गप्पांत सर्रास वापरतात तसल्या. बोलण्यात असा शब्द बहुतेकदा नुसता जोर देतो, आपल्याकडच्या 'च्यायला'सारखा. त्या जागी गाळलेली जागा ठेवली की वाचणारा तिथे आपल्याला माहीत असलेली सगळ्यात घाण शिवी भरतो. झाकल्यामुळे ती मोठी झाली. (देवाधर्माची चाड असलेल्या मतदारांना 'क्राइस्ट'ही चाललं नसतं, हा हिशेब मात्र खरा असावा.)

९ जुलै १९७४ रोजी समितीने आठ संभाषणांच्या आपल्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हा दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचता येऊ लागले. २२ मार्च १९७३ च्या बैठकीतलं व्हाइट हाउसने छापलंच नव्हतं असं वाक्य त्यात निघालं: 'आय वॉन्ट यू ऑल टू स्टोनवॉल इट, लेट देम प्लीड द फिफ्थ अमेंडमेंट, कव्हर-अप ऑर एनीथिंग एल्स'. सगळ्यांनी तोंडं बंद ठेवा, घटनेच्या पाचव्या दुरुस्तीआड (स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काआड) लपा, झाकपाक करा नाहीतर आणखी काहीही. शेवटचे तीन शब्द, 'ऑर एनीथिंग एल्स', हे बोलण्यातल्या इंग्रजीचं खास लक्षण: यादी अर्धवट टाकायची आणि समोरच्याने पुढचं भरून घ्यावं असं सुचवायचं, आपल्या 'वगैरे' किंवा 'असंच काहीतरी'सारखं. एरवी ही निरुपद्रवी शेपटी. इथे ती कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात धोकादायक जागा आहे, कारण तिने हाताखालच्यांना कशाचीही मोकळीक दिली.

सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै १९७४ रोजी आठ विरुद्ध शून्य असा निकाल देऊन उरलेल्या फिती द्यायला लावल्या. त्यांतलं २३ जून १९७२ चं, घरफोडीनंतर सहाव्या दिवसाचं संभाषण ५ ऑगस्टला बाहेर आलं आणि ९ ऑगस्टला निक्सन यांनी पद सोडलं. भाषेच्या अंगाने मला हे २१ मार्चपेक्षाही जास्त शिकवतं.

हाल्डेमन योजना सांगतात: सीआयएचे उपसंचालक वॉल्टर्स यांनी एफबीआयच्या पॅट ग्रे यांना फोन करून सांगावं की यातून दूर राहा, आम्हाला इथे पुढे तपास नको. निक्सन मध्येच 'अम हं' म्हणतात. व्हिक्टर यिंगव्ही या भाषाशास्त्रज्ञाने १९७० मध्ये अशा प्रतिसादांना मागची वाहिनी अशा अर्थाचं नाव दिलं: बोलण्याची पाळी न घेता, ऐकतोय, चालू दे, एवढं कळवणं. कथेकऱ्याला श्रोता हुंकार देतो तोच प्रकार. हुंकार म्हणजे होकार नाही. निक्सन त्या 'अम हं'वर थांबले असते तर त्यांच्या वकिलांना लढायला जागा होती.

ते थांबले नाहीत. थोड्या वेळाने ते सीआयएच्या लोकांना काय सांगायचं हे हाल्डेमनना बोलून दाखवू लागतात: 'लुक, द प्रॉब्लेम इज दॅट धिस विल ओपन द होल, द होल बे ऑफ पिग्स थिंग'. मग स्वतःलाच अडवतात, तपशिलात शिरू नका, त्यांच्याशी खोटं बोलू नका इतकं की आमचा संबंधच नाही म्हणाल, पण 'जस्ट से धिस इज सॉर्ट ऑफ अ कॉमेडी ऑफ एरर्स'. आणि शेवटी एफबीआयला बोलावून सांगा की देशासाठी आमची इच्छा आहे, या प्रकरणात पुढे जाऊ नका, 'पीरियड'.

या दहा-बारा ओळींत बोलीतल्या इंग्रजीची सगळी सामग्री आहे. 'जस्ट' आणि 'सॉर्ट ऑफ' गोष्टीला हलकं करतात, काही विशेष नाही असा सूर लावतात. 'द होल बे ऑफ पिग्स थिंग' मध्ये १९६१ च्या क्यूबावरच्या फसलेल्या स्वारीचं आख्खं लचांड 'थिंग' या एका शब्दात गुंडाळलं आहे, कारण ऐकणाऱ्याला ते उलगडून सांगायची गरज नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निक्सन अहवालाच्या भाषेत बोलत नाहीत. 'सीआयएने एफबीआयला असं कळवावं की' हे लेखी इंग्रजी झालं. ते थेट त्या भावी संभाषणात शिरतात, दुसऱ्याच्या तोंडचे शब्द स्वतः उच्चारतात, 'लुक' ने सुरुवात करून. मराठीत आपण 'त्यांना म्हणावं, हे बघा...' असं करतो ना, तसंच. याला नाटकीपणा म्हणू नका, रोजच्या बोलण्यात निरोप असाच दिला जातो. पण त्याचा परिणाम असा झाला की इथे अर्थाचा कोणताही घोळ उरला नाही. निरोप देणाऱ्याने तो शब्दशः वाजवून दाखवला होता. अडखळणं होतं, व्याकरण मोडलेलं होतं, 'सॉर्ट ऑफ' होतं, आणि तरीही आज्ञा स्पष्ट होती. शेवटी 'पीरियड', म्हणजे पूर्णविरामसुद्धा त्यांनी स्वतःच्या तोंडाने दिला. टंकलेखकावर काही सोडलं नाही.

बोलणं आणि आठवण यांचाही इथे संबंध येतो. जॉन डीन यांनी जून १९७३ मध्ये, म्हणजे फितींचा पत्ता बाहेर कुणालाच नसताना, सिनेटच्या समितीपुढे २४५ पानांचं निवेदन वाचलं. तपशील इतके की त्यांना चालतंबोलतं ध्वनिमुद्रण यंत्र म्हटलं गेलं. पुढे उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये ती साक्ष फितींच्या नोंदींशी ताडून पाहिली. शब्द जवळजवळ कुठेच जुळत नव्हते. निक्सन यांनी अमुक म्हटलं असं डीन सांगत तेव्हा ते वाक्य फितीवर नसे. तोंडं बंद ठेवायला लागणाऱ्या दशलक्ष डॉलरची २१ मार्चची गोष्ट त्यांनी चुकीच्या दिवसाशी, १३ मार्चशी, जोडली होती. पण झाकपाक चालू होती, राष्ट्राध्यक्षांना ठाऊक होती, हा त्यांच्या साक्षीचा गाभा खरा निघाला. बोललेलं वाक्य डोक्यात वाक्य म्हणून राहत नाही, त्याचा आशय राहतो आणि सांगताना आपण त्याला नवं, बहुधा जास्त नेटकं वाक्य देतो. डीन यांनी सांगितलेले निक्सन खऱ्या निक्सनपेक्षा बरंच चांगलं इंग्रजी बोलतात.

आणि हाच धागा हाल्डेमन यांच्या खटल्यापर्यंत जातो. ३० जुलै १९७३ रोजी त्यांनी सिनेटच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं की २१ मार्चच्या बैठकीत राष्ट्राध्यक्ष म्हणाले, दशलक्ष डॉलर उभे करायला अडचण नाही, आपण ते करू शकतो, पण ते चुकीचं होईल. 'बट इट वुड बी राँग'. हे खरं असेल तर निक्सन सुटतात.

फितीवर पैशाच्या ठिकाणी असं आहे: 'यू कुड गेट अ मिलियन डॉलर्स. अँड यू कुड गेट इट इन कॅश. आय, आय नो व्हेअर इट कुड बी गॉटन'. कर्मणी प्रयोगाची करामत पाहा, मिळवणारा कोण ते कुठे आलंच नाही. पुढे 'इट्स नॉट ईझी, बट इट कुड बी डन'. सोपं नाही, पण करता येईल. इथे 'राँग' नाही.

'राँग' आहे ते पुढे, वेगळ्याच चर्चेत. हंटला शिक्षामाफी द्यायची का, हा विषय चालू आहे. डीन म्हणतात की ती तुम्हाला कधी देता येईल असं वाटत नाही, प्रकरण फार तापलेलं असेल. निक्सन म्हणतात, १९७४ च्या निवडणुकांआधी तर नाहीच, पण तुझं म्हणणं तेव्हासुद्धा नाही. डीन म्हणतात, बरोबर, त्यात तुम्ही नको तितके गुंताल. त्यावर निक्सन: 'नो, इट इज राँग, दॅट्स फॉर शुअर'.

हे 'इट' कोण? बोलण्यात सर्वनाम जवळच्या विषयाला चिकटतं, आणि जवळचा विषय शिक्षामाफी आहे. पण 'इट'ला काही कागदपत्रं लागत नाहीत, ते कुणाच्याही गळ्यात घालता येतं. ६ मार्च १९७४ च्या पत्रकार परिषदेत निक्सन यांनी तेच केलं: वेगवेगळे लोक वेगवेगळा अर्थ काढतील, पण मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत आहे, तो सगळा व्यवहारच चुकीचा असं मला म्हणायचं होतं. मराठी असती तर लिंगावरून कळलं असतं, असं क्षणभर वाटतं. पण नाही. 'पैसे देणं' नपुंसकलिंगी, 'माफी देणं'ही नपुंसकलिंगी, आणि 'ते चूक आहे' मध्ये 'ते' कुणाचं याचा इथेही पत्ता लागला नसता.

डीन यांच्या चुकांसारखीच ही आठवणीची चूक असं म्हणता आलं असतं. दोन विषय, एक वाक्य, मधे चार महिने. अडचण अशी की साक्ष देण्याआधी हाल्डेमन यांनी ती फीत ऐकलेली होती. अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार पुढे निक्सन यांच्या सगळ्या फितींच्या ३,७०० तासांच्या संग्रहासाठी अधिकृत लिप्यंतर करायच्या भानगडीत पडलं नाही, त्याने फक्त विषयवार सूची केल्या आणि अस्सल दस्तऐवज म्हणजे फीत, असं धरलं. १९७४ च्या हिवाळ्यात न्यायाधीश जॉन सिरिका यांच्या न्यायालयातही ज्युरींनी हेडफोन लावून फितीच ऐकल्या, टंकलिखित कागद सोबतीला. १ जानेवारी १९७५ रोजी त्यांनी हाल्डेमन यांना कट, न्यायात अडथळा आणि खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरवलं. खोट्या साक्षीच्या आरोपांतला एक याच 'बट इट वुड बी राँग'चा होता. शिक्षा अडीच ते आठ वर्षांची झाली, नंतर ती कमी केली गेली, आणि प्रत्यक्षात हाल्डेमन यांनी दीड वर्ष तुरुंगात काढलं. स्वतः निक्सन यांना मात्र 'इट'चा खुलासा न्यायालयात करावा लागला नाही, कारण नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ रोजीच त्यांना माफी देऊन टाकली होती.